पडदा होता, खिडकी नव्हती

नवीन जालन्यातून समुद्राच्या सहली काढणाऱ्या आमच्या टूरवाल्या भाऊंना अनावृत पत्र

प्रिय भाऊ,



तुमच्या झेरॉक्स सूचनापत्रकातली सातवी सूचना आम्ही तंतोतंत पाळली, हे आधी कळवते. ‘प्रवासात खिडकीतून हात अथवा डोके बाहेर काढू नये.’ अष्टविनायकाच्या बससाठी केलेलं पत्रक वरचं नाव बदलून तुम्ही क्रूझला वापरलंत, हे उघड आहे. पण तक्रार कशी करू? आमच्या केबिनमधून हात काय, नजरसुद्धा बाहेर गेली नाही. खिडकीच नव्हती.

तरीही अभिनंदन करायला हवं. आपल्या जिल्ह्याच्या नशिबी बंदर आलं तेही कोरडं. त्या ड्राय पोर्टचं भूमिपूजन 2015 च्या डिसेंबरात झालं. तिथे जहाज येणार नाही हे शाळकरी पोरालाही कळतं, पण तुम्ही एका रंगीत पत्रकाच्या जोरावर ते थेट सदर बाजारात आणून उभं केलंत. पत्रकावर काय होतं? बाल्कनी, वेताच्या दोन खुर्च्या, कठड्याला टेकलेलं जोडपं आणि पुढे निळंशार पाणी. मी विचारलं होतं, ‘भाऊ, खोली अशीच ना?’ तुम्ही म्हणालात, ‘ताई, जहाज तेच आहे.’ खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

आता पडद्याविषयी. सासूबाईंनी केबिनमध्ये पाऊल टाकलं आणि चप्पल काढायच्या आधी पडदा गाठला. जाड, चुण्या घातलेला, छतापासून खालपर्यंत आलेला पडदा. दोन्ही हातांनी सारला. मागे भिंत. क्रीम रंगाची, छान पुसलेली. त्यांनी पडदा पुन्हा ओढला, दुसऱ्या बाजूने उघडून पाहिला आणि मग मला विचारलं, ‘समुद्र कुठंय मंग?’

भाऊ, ह्या बाईंचा जन्म मंठा तालुक्यातला, संसार नवीन जालन्यातला. पंढरपूरची चंद्रभागा पाहिली, पैठणची गोदावरी पाहिली. मोठं पाणी म्हणजे घाणेवाडीचा तलाव, तोही भरला असेल त्या साली. समुद्र पाहायचा राहिला होता. त्यांचे गुडघे गेलेत, वाळूत चालवत नाही, म्हणून किनाऱ्याऐवजी जहाज घेतलं. पलंगावर पडल्यापडल्या समुद्र दिसेल हे तुमचंच वाक्य. पडल्यापडल्या त्यांना दिसला तो छतातला धूर ओळखणारा गोल डबा. त्याचा हिरवा दिवा रात्रभर लुकलुकत होता. त्याला त्या ‘ते मेलं यंत्र’ म्हणत.

खिडकी नसली की काय होतं ते सांगते, कारण ‘खिडकी काय करायची ताई, झोपायलाच तर जायचं’ हेही तुमचंच वाक्य. दिवा मालवला की असा अंधार होतो की पहाट झाली की मध्यरात्र आहे ते घड्याळावाचून कळत नाही. सासूबाई पहाट झाली म्हणून उठल्या, आंघोळ केली, माळ घेऊन बसल्या. घड्याळात दोन वाजले होते. आणि जहाज हलतंच. शरीर हलतं आहे हे कानातल्या तोलाच्या यंत्रणेला कळतं, डोळ्यांना मात्र समोरची भिंत स्थिर दिसते. ह्या दोघांचं जमलं नाही की मळमळतं. त्यावर पहिला घरगुती उपाय दर्यावर्दी सांगतात तो फुकटचा आहे: दूर क्षितिजाकडे बघत राहा. आम्ही भिंतीकडे बघत होतो. बोट लागली ती त्या भिंतीने लागली.

शेवटी खोली साफ करणाऱ्या मुलाला दया आली. त्याने टीव्हीवर एक वाहिनी लावून दिली. जहाजाच्या नाकावर कॅमेरा असतो, त्याचं चित्र त्यावर दिसतं. आवाज बंद करून ती लावून ठेवा, म्हणाला, रात्री उजेडही राहील. म्हणजे सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्रावर जाऊन समुद्र पाहिला तो टीव्हीवर! एवढं तर जालन्यात सोफ्यावर बसून झालं असतं.

तुम्ही म्हणाल, डेकवर का नाही नेलं? नेलं. लिफ्टसमोर ताटकळून नेलं. वर स्पीकर आदळत होते, तरणतलावाभोवतीच्या खुर्च्यांवर टॉवेल टाकून माणसं जेवायला गेली होती, आणि कठड्याशी जागा मिळाली तोवर सासूबाईंचे गुडघे बोलायला लागले. वाऱ्याने पदर उडतो म्हणून त्यांनी पदर तोंडात धरला आणि थोडा वेळ पाणी बघितलं. काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘चल, खाली जाऊ.’ ज्याला चालवत नाही त्याला खिडकीची गरज जास्त असते, इतकं साधं गणित आहे हे.

आणखी एक गोष्ट मला छळते. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जात. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले. गिरणीतला माणूस सर्वांत स्वस्त तिकीट काढून वळकटी डेकवर पसरायचा. उकाडा होता, ओकाऱ्या होत्या, गर्दी होती. त्या प्रवासाचे गोडवे मी गाणार नाही. पण त्या फाटक्या माणसाला रात्रभर समुद्र फुकट दिसत होता. आम्ही हप्त्याने पैसे भरून भिंत घेतली.

आता तुमच्या पत्रकातली अकरावी सूचना. इथे मला विनोद सुचत नाही. ‘भोंगा वाजल्यास घाबरू नये, तो नेहमीचाच असतो. खोलीत बसून राहावे.’ हे तुम्हाला कोणी सांगितलं? सात आखूड आणि एक लांब भोंगा हा जगभर धोक्याचा इशारा आहे. निघताना तो वाजवून प्रत्येकाला त्याची जमण्याची जागा आणि जीवरक्षक जॅकेट दाखवतात. 13 जानेवारी 2012 च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया हे प्रचंड जहाज खडकाला घासून कलंडलं. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत दुसऱ्या दिवसावर ठेवली होती. 32 माणसं गेली. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला: कवायत निघण्याआधी, नाहीतर निघताक्षणी. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? 17 जुलै 1947, गटारी अमावास्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट. सहाशेहून जास्त माणसं बुडाली. आणि आमच्या जहाजावर कवायतीचा भोंगा वाजला तेव्हा आपल्या बसमधली अर्धी माणसं तुमचा कागद प्रमाण मानून खोल्यांत बसली होती. म्हातारी माणसं, लहान पोरं, बिनखिडकीच्या खोल्यांत. वीज गेली तर दारातून डावीकडे वळायचं की उजवीकडे हेही त्यांना माहीत नव्हतं. कर्मचारी दारं ठोठावत आले तेव्हा एक काका म्हणाले, ‘आमच्या टूरवाल्यानं नको सांगितलंय.’ भाऊ, ती ओळ आजच्या आज खोडा. ह्यापुढचं पत्र वाचलं नाहीत तरी चालेल.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत. ‘किटली सोबत ठेवावी’ म्हणालात, ती बॅगेच्या तपासणीतच काढून घेतली. इस्त्री आणि एक्स्टेन्शन बोर्डही. मोठी बॅग खोलीत संध्याकाळी पोचते, म्हणून गोळ्या, चष्मा आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत हवा. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत होत्या. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी घ्यायची, ओकारी आल्यावर ती पोटात टिकत नाही. समुद्रात फोन विमान मोडवर ठेवायचा, नाहीतर उपग्रहाच्या नेटवर्कचं बिल घरी आल्यावर बोट लागते. पत्रकावर गोव्याचं चर्च छापलं होतं. जहाज भर समुद्रात जाऊन मुंबईलाच परत आलं. ‘सगळं धरून’ म्हणालात त्यात कर, बंदराचे पैसे आणि नोकरांची बक्षिसी धरली नव्हती. आणि पाण्याची बाटली खात्यावर. ज्यांच्या नळाला आठवडा-आठवडा पाणी येत नाही, त्या गावच्या माणसांनी अरबी समुद्रात बसून पाणी विकत घेतलं. खुद्द जहाज मात्र समुद्राचं खारं पाणी गोडं करून वापरत होतं. आपल्या नगरसेवकांची एक बॅच जरूर काढा. त्यांना आतल्या केबिनी चालतील.

बसचंही सांगते. समृद्धी महामार्गावरून निघायला तुम्ही उशीर केलात आणि मुंबईच्या बॅलार्ड पिअर बंदरावर आपण दार बंद होता होता पोचलो. जहाज संध्याकाळी सुटतं म्हणजे संध्याकाळी चढायचं असं नसतं. जनशताब्दी गाडीने येणाऱ्याचंही तेच होईल. रात्रीची देवगिरी एक्सप्रेस धरावी, सकाळी सीएसएमटीला उतरावं, पोहे खावेत, चालतसुद्धा बंदर गाठता येतं. तिथल्या नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर 2025 मध्ये झालं आहे, लवकर पोचलं तर बसायला छान जागा आहे.

इथवर मी हे पत्र दात ओठ खात लिहिलं. पण परत आलो तेव्हाचं एक राहून राहून आठवतं. तुम्ही बंदराच्या फाटकाबाहेर उन्हात उभे होता, थंड पाण्याचा जार घेऊन. शर्ट तोच, जाताना होता तो. ड्रायव्हरकडून कळलं की तुम्ही रात्री बसमध्येच झोपलात. माझ्या हातात ग्लास देताना हळूच विचारलंत, ‘ताई, आत खरंच लिफ्ट असते का?’

तेव्हा लक्षात आलं. तुम्ही जहाजात कधी गेलाच नाहीत. खोल्या विकल्यात त्या मोबाइलवर आलेल्या फोटोंवरून. ज्या कंपनीच्या माणसाने ते फोटो पाठवले त्याला नक्की माहीत होतं कुठल्या खोलीला खिडकी आहे. मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक जहाजाचा नकाशा उघडून खोलीचा नंबर मागतं, मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची, कमी हलणारी. उरलेल्या खोल्या कुठे खपवायच्या? जिथे नकाशा कोणी मागत नाही तिथे, असा माझा संशय आहे. झेरॉक्स, पासपोर्टचे फॉर्म आणि रेल्वेची तिकिटं ह्यांवर दुकान चालवणाऱ्या माणसाला एका बसमागे काय सुटलं असेल, ते मला विचारवत नाही. फसलो आम्ही, पण तुम्हालाही त्यांनी बंदराबाहेरच उभं केलं.

म्हणून पैसे परत मागत नाही. दोन कामं करा. बुकिंगच्या फॉर्मवर ‘खोली क्रमांक’ आणि ‘खिडकी आहे / नाही’ असे दोन रकाने छापा, आणि ते भरल्याशिवाय कोणाकडून आगाऊ रक्कम घेऊ नका. कंपनी नंबर देत नसेल तर तसं लिहून द्या. गिऱ्हाईक स्वस्तात आतली खोली घेईलही, पण जाणून घेईल. आणि पुढच्या बॅचला एक जागा स्वतःच्या नावावर काढा. बाहेरच्या बाजूची.

आपली,
तुमच्या गेल्या बॅचमधली एक प्रवासी
नवीन जालना