मागच्या खेपेला डिझेल फिल्टर आवळणाऱ्या पहिलवानांस

रा. रा. पहिलवान यांस,

सा. न. वि. वि.

पत्रावर आपलं नाव नाही, कारण ते मला ठाऊक नाही. जुन्या मालकानं पिकअपबरोबर बिलांची एक पिशवी दिली, त्यातल्या एका बिलावर ‘डिझेल फिल्टर बदलला’ एवढंच आहे. ‘यापुढं कोणालाही बदलता येणार नाही’ ही ओळ तेवढी लिहायची राहून गेली.

आपल्या मनगटाबद्दल माझ्या मनात निव्वळ आदर आहे. हंगामात नारायणगावच्या टोमॅटो बाजारात एकावर एक क्रेट उचलणारी माणसं मी रोज बघतो. त्यांच्यातल्या दोघांनी आपल्या फिल्टरला हात लावून पाहिला आणि ‘हे आपलं काम नाही’ म्हणून ते चहाला निघून गेले.

आता राग मानू नका, पण डिझेल गळू नये म्हणून तिथं राबते ती फिल्टरच्या तोंडावरची रबराची रिंग. तुमच्या दंडाची तिला गरज नसते. रिंगेवर बोटानं थोडं डिझेल फिरवायचं, फिल्टर हातानंच वर चढवत न्यायचा, रिंग टेकली की आणखी अर्धा-पाऊण फेरा द्यायचा आणि हात पुसायचे. पाना लागतो तो काढताना. आपल्याकडं मात्र जे हातानं बसतं त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. सिलिंडरचा रेग्युलेटर, नळाची तोटी, पाण्याच्या बाटलीचं झाकण, सगळं शेवटी एकदा दात-ओठ खाऊन पिळल्याशिवाय काम झाल्यासारखं वाटत नाही. तुम्ही रिंग कोरडीच बसवलीत, वर पान्यानं पिळलीत, आणि मग इतकी वर्षं इंजिनाच्या उष्णतेनं तिला शेकलं. रबर कडक झालं आणि वरच्या हेडला असं चिकटलं, की आवळायला जेवढा जोर लागला त्याहून कितीतरी जास्त सोडवायला लागावा.

एक शंका मात्र राहून राहून येते. फिल्टर उलटा टांगलेला असतो, आटे वर आणि बूड खाली. खालून पाहिलं तर तो घड्याळाच्या उलट फिरवला की सुटतो. बॉनेटवरून वाकून पाहणाऱ्याला तीच दिशा घड्याळाची दिसते. तेव्हा आपण आवळून झाल्यावर ‘जरा जास्तच झालं वाटतं’ म्हणून वरून बघत तो सैल करायला गेला असाल, आणि त्या सद्‌हेतूनंच आणखी एक फेरा चढला असेल. तसं असेल तर माझे निम्मे शब्द मागे.

पुढचं थोडक्यात सांगतो. पट्ट्याचा पाना डिझेलच्या ओशटपणावर नुसता घसरत राहिला. चेनचा पाना लावला तर डबा चेपला, आटे जागचे हलले नाहीत. एका हितचिंतकानं ब्लोलॅम्प आणू का, असं विचारलं, डिझेलच्या डब्याला! त्याला आम्ही प्रेमानं बाहेर बसवलं. दुसऱ्याचा सल्ला, डब्यातून स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवा. तो पत्रा वहीच्या पुठ्ठ्यासारखा फाटतो, डिझेल कोपरापर्यंत ओघळतं आणि आट्यांची चकती वर तशीच हसत राहते. शेवटी आमच्या नाक्यावरच्या मिस्त्रींनी पट्टा आणि डबा यांच्यामध्ये पॉलिश पेपरचा तुकडा सरकवला, खरखरीत बाजू डब्याकडं. कर्र असा आवाज झाला. गावातली निम्मी कुत्री भुंकली.

आत काय होतं सांगू? तळाशी तपकिरी पाणी. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून खाली बसतं, आणि ते सोडायला बुडाशी छोटी तोटी दिलेली असते. तीही आपण आवळून ठेवली होती. पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी राहिली की हवेतला दमटपणा पत्र्यावर धरतो आणि थेंबाथेंबानं डिझेलमध्ये उतरतो. पंपाला वंगण म्हणजे ते डिझेलच. तिथं पाणी पोचलं की गंज, आणि गंजलेल्या पंप-नोझलचं बिल बघून माणूस टोमॅटोचा भाव विसरतो.

तुमची रिंग मात्र डब्याबरोबर आली नाही. ती हेडलाच चिकटून होती, नखानं खरवडून काढावी लागली. ती तशीच ठेवून नवा फिल्टर चढवला असता तर दोन रिंगा झाल्या असत्या, गाडीनं हवा ओढली असती आणि चढावर दम टाकला असता. मग एअर काढली: वरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारत राहायचं, बुडबुडे संपून नितळ डिझेल आलं की स्क्रू बंद. स्टार्टर जरा कुरकुरला, आणि गाडी लागली. नवा फिल्टर हातानं बसवलाय. टिपूसही गळत नाही.

आपला विश्वासू,
गाडीचा सध्याचा मालक

ता. क. त्याच बिलात ‘इंजिन ऑईल बदलले’ असंही आहे. म्हणजे खालचा ड्रेन नटही आपल्याच हातचा. ऑईल दिवाळीनंतर बदलायचं आहे. त्या दिवशी सवड काढून यावं. चहा-पोह्यांचं माझ्याकडं लागलं, पाना तेवढा आपला आणा.