बाकीच्या सहा खुर्च्या

उचगावात फ्रेंचचा क्लास चालतो असं सांगितलं की पुण्याची पाहुणेमंडळी आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे बेळगावजवळचं उचगाव का?" ते वेगळं. आमचं उचगाव कोल्हापूरला खेटून, हायवेच्या कडेला. एका अंगाला गांधीनगरची कापडपेठ, दुसऱ्या अंगाला गडमुडशिंगी, आणि तसंच पुढं गेलं की चांदीची हुपरी. उजळाईवाडीचा विमानतळही जवळच आहे. पण तिथून पॅरिसला विमान सुटत नाही, त्यामुळं फ्रान्सची जबाबदारी माझ्या माडीवर येऊन पडली आहे.

पोरं फ्रान्सच्या ओढीनं येतात असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. अकरावीला फ्रेंच घेतलं की मार्क पडतात, एवढीच ओढ. पुस्तकही त्या ओढीला साजेसं. त्यातल्या घरात बाबा इंजिनिअर, आई नर्स, आणि कुत्रा कधीच कुणाला चावत नाही. वर्षभर पोरं या बिनभांडणाच्या घरात राहून येतात. 'मी सकाळी लोणी लावलेला पाव आणि कॉफी घेतो' असं वळणदार अक्षरात लिहिणाऱ्याच्या शर्टावर मिसळीच्या कटाचा डाग अजून ओला असतो.

बरं, पोरं मुकी आहेत म्हणावं तर तसंही नाही. हीच पोरं कट्ट्यावर बसली की रंकाळ्यात मगर पाळतील आणि तिला पोहायलाही शिकवतील. कागद पुढं आला की मात्र थाप आटते. म्हणून मी चित्रं आणली.

ख्रिस व्हॅन ऑल्सबर्ग नावाचा अमेरिकन चित्रकार आहे, 'जुमांजी'वाला. 1984 साली त्यानं 'द मिस्टरीज ऑफ हॅरिस बर्डिक' हे पुस्तक काढलं. त्यात चौदा काळीपांढरी चित्रं, प्रत्येकाला एक नाव आणि एखादी ओळ, बस्स. प्रस्तावनेत बतावणी अशी की, हॅरिस बर्डिक नावाचा गृहस्थ एका संपादकाकडं ही चित्रं ठेवून गेला, उद्या गोष्टी घेऊन येतो म्हणाला, आणि पुन्हा आलाच नाही. या बतावणीवर जगभरातल्या शिक्षकांनी आपले तास भागवले आहेत. पुस्तक फ्रेंचमध्येही आहे, म्हणजे माझ्या अंतरात्म्याला टोचणी नाही.

पहिलं चित्र भिंतीवर लावलं. भव्य चर्च, खाली दोन पाद्री उभे, आणि वर अधांतरी खुर्चीत एक जोगीण शांतपणे बसून चाललेली. चित्राचं नाव 'सात खुर्च्या'. खालच्या ओळीचा मतलब इतकाच, की पाचवी फ्रान्समध्ये पोचली.

वर्ग गप्प. मग हुपरीच्या पोरानं हात वर केला. "मॅडम, खरं उत्तर काय हाय?"

"खरं उत्तर नाही. तुम्ही लिहाल ते."

"मग मार्क कशावर?"

याला काय सांगणार? बालवाडीपासून ज्यांनी 'अपेक्षित प्रश्नसंच' पाहिला, त्यांना अपेक्षाच नसलेला प्रश्न म्हणजे फसवणूक वाटते. त्यात मी बोलून गेले की 2011 साली याच चौदा चित्रांवर स्टीफन किंग वगैरे नामांकित लेखकांच्या गोष्टींचं पुस्तक निघालं. वर्गाचा चेहरा उजळला. "म्हंजे गाईड निघालंय की!"

गाईड मी दाखवलं नाही. नाइलाजानं पोरं कामाला लागली.

फ्रेंचमध्ये गोष्ट सांगायची तर दोन भूतकाळ लागतात. पाऊस पडत होता, दिवा मिणमिणत होता, म्हातारी बसली होती, हे सगळं अँपारफेमध्ये. धाडकन दार उघडलं, ते पासे काँपोझेमध्ये. व्याकरणाचा तक्ता लावून हे वर्षभर शिकवलं तरी डोक्यात शिरत नाही. चित्र समोर असलं की आपोआप कळतं: दिसतंय ते पहिल्यात, आता घडणार ते दुसऱ्यात. या दोहोंच्या मध्ये घालायला मी 'सुदँ' हा शब्द दिला, म्हणजे 'अचानक'. तो दिला मात्र, वर्गात अचानकांची साथ आली. अचानक जोगीण आली, अचानक म्हैस आली, अचानक मामा आला, अचानक रविवार झाला.

मुलींचा घोळ आणखी निराळा. आमच्याकडच्या बायका अभिमानानं 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. फ्रेंचमध्ये बाई गेली की क्रियापदाला स्त्रीलिंगाची जादा खूण लावावी लागते. ती एकीनंही लावली नाही. त्या जोगिणीलाही त्यांनी 'गेला' करून टाकलं. मी लाल पेन उचललं, पण मन धजेना. तिच्या थाटाला ते शोभत होतं.

पण खुर्च्यांचा तपास मात्र चोख झाला. पाचवी फ्रान्सला गेली हे चित्रकारानंच सांगितलेलं. मग उरलेल्या सहांपैकी एक, वर्गाच्या मते, ग्रामपंचायतीत आहे. तिच्यावर बसलेला माणूस खाली उतरूच शकत नाही. दुसरी साखर कारखान्याच्या चेअरमनकडं, ती दर पाच वर्षांनी एकदा जमिनीला टेकते. तिसरी तालमीत, वस्तादांची. ती उडते, पण वस्तादांच्या वजनामुळं तिनं तो नाद सोडलाय. चौथी लग्नाच्या हॉलमध्ये, तिच्यावर हातरुमाल टाकून आत्याबाई जेवायला गेल्या आहेत. फ्रेंच मोडकं होतं, पण एकाही वहीतलं वाक्य दुसऱ्या वहीतलं नव्हतं. माझ्या शिकवणीत मी असला प्रकार पहिल्यांदाच पाहत होते.

सगळी चित्रं चालतातच असं नाही. एका चित्रात व्हेनिसच्या अरुंद कालव्यात भलंथोरलं जहाज शिरलेलं आहे. जगभरातली मुलं ते पाहून चकित होत असतील. आमची झाली नाहीत. "यात गूढ काय, मॅडम? 2019 ला शिरोलीजवळ हायवेवर बोटी न्हवत्या का?" ज्यांनी पंचगंगेच्या पुराला महामार्ग बंद पाडताना पाहिलंय, त्यांना कालव्यातल्या जहाजाचं काय कौतुक!

तेव्हा मी गूढ चित्रं जवळपासच शोधायला लागले. शेजारच्या वळिवड्यात दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. 1943 ते 1948, सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. ती गेली आणि त्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, त्यातून गांधीनगर उभं राहिलं. छावणीतल्या गोऱ्या मुलींचा एक जुना फोटो मी वर्गात लावला. गांधीनगरच्या व्यापाऱ्याची मुलगी बराच वेळ फोटोतल्या फ्रॉककडं बघत राहिली. मग तिनं गोष्ट लिहिली: एक पोलिश आजी सत्तर वर्षांनी दुकानात येते आणि फ्रॉकचं तेच कापड मागते. दुकानदार म्हणतो, होलसेलमध्येच मिळेल, कमीत कमी बारा पीस.

आणखी एकदा तर मी चित्रच दाखवलं नाही. शाहू महाराजांचे चित्रकार आबालाल रहिमान यांच्याबद्दल कोल्हापुरात सांगतात की, 1922 मध्ये महाराज गेले तेव्हा दुःखाच्या भरात त्यांनी आपली पुष्कळ चित्रं कोटीतीर्थाच्या तळ्यात बुडवली. बर्डिकच्या चित्रांच्या निदान गोष्टीच हरवल्या. इथं चित्रंच तळाशी. त्यातलं एक चित्र पाहिल्यासारखं लिहा, म्हटलं. मिसळवाल्या पोरानं लिहिलं, की कोटीतीर्थातले मासे आता मोठे कलासमीक्षक झालेत आणि गळाला लावलेला किडा नीट रंगवलेला नसेल तर ते तोंडही लावत नाहीत. व्याकरणाच्या अकरा चुका. पाच मार्क व्याकरणाचे, ते सगळे कापले; पाच गोष्टीचे, ते सगळे दिले.

परवा त्याचे वडील आले. "मॅडम, ही मासं-खुर्च्या परीक्षेला येत्यात का?" त्यांना फ्रेंचच्या डेल्फ परीक्षेचा कागद दाखवला. ए-टू पातळीला लेखनाला पंचवीस मार्क, त्यात घडलेली हकीकत सांगावी लागते. म्हणजे दोन्ही भूतकाळ आलेच. त्यांचं समाधान झालं. चहा घेतला, चप्पल घातली, जिना निम्मा उतरले आणि तिथूनच म्हणाले, "त्यातली एक खुर्ची आमच्या सोसायटीत हाय बगा. सेक्रेटरी बसतो. लिहून घ्या."

लिहून घेतली. फ्रान्सची धरून सहा खुर्च्यांचा हिशोब लागला, सातवीचा पत्ता नाही. वाचकांपैकी कुणी ती पाहिली असेल, किंवा सध्या तिच्यावरच बसून हे वाचत असेल, तर कृपया उचगावला कळवावं. मराठीत कळवलं तरी चालेल, फ्रेंच पोरं करतील. फक्त 'अचानक' एकदाच वापरा.