खालसा झालेली वतने

परगणा आणि कुलकर्णी वतने नष्ट करणारा मुंबई राज्याचा 1950 सालचा कायदा अमलात आला, तेव्हा आमचे आजोबा निदान रीतसर बडतर्फ झाले: कायदा राजपत्रात छापून आला, भरपाईची तजवीज झाली, आणि पुढे मरेपर्यंत सरकारला शिव्या देण्याचा त्यांचा हक्क अबाधित राहिला. त्यांच्या नातवाची, म्हणजे माझी, घरातील वतने मात्र कोणतीही नोटीस न बजावता एकामागून एक खालसा झाली. रेल्वेच्या आरक्षणासाठी पहाटे रांगेत उभे राहण्याचे वतन 2002 साली तिकिटे संगणकावर मिळू लागल्यापासून डळमळीत झाले. वीजबिल भरून पावती जपून ठेवण्याचे वतन भ्रमणध्वनीने गिळले. आणि उडालेला फ्यूज टॉर्चच्या उजेडात बांधण्याचे अत्यंत प्रतिष्ठेचे वतन भिंतीवरच्या त्या चिमुकल्या खटक्याने हिरावून घेतले, जो वर ढकलण्यास ना धैर्य लागते ना ज्ञान, आणि जो आमच्या घरी नातवंडेसुद्धा स्टुलावर चढून ढकलतात.

या सर्वांत मानाचे वतन गच्चीवरील अँटेनाचे होते, आणि त्याविषयी चार शब्द अधिक लिहिल्यावाचून मला पुढे जाववत नाही. 1973 साली सिंहगडावर दूरदर्शनचे प्रक्षेपण केंद्र उभे राहिले, आणि ज्या गडासाठी तानाजी मालुसऱ्यांनी प्राण वेचले त्याच गडावरून पुण्याच्या गृहस्थाला छायागीत मिळू लागले. त्यासाठी त्याला कडा चढावा लागत नसे, गच्चीची शिडी पुरे; पण ती चढताना माझ्या मनात घोरपडीचा विचार येऊन जात नसे असे मी शपथेवर सांगू शकणार नाही. यागी आणि उदा या जपानी संशोधकांनी 1926 च्या सुमारास सिद्ध केलेल्या त्या नळ्यांच्या सांगाड्याचे शास्त्र मी मुखोद्गत केले होते: आखूड नळ्या गडाकडे, सर्वांत लांब नळी पाठीमागे. त्यावर बसणाऱ्या कावळ्यांना हे शास्त्र ठाऊक नसल्यामुळे दर आठवड्याला माझी गरज उत्पन्न होत असे. मी गच्चीवर, सौभाग्यवती खिडकीत आणि चिरंजीव टीव्हीसमोर, अशी यंत्रणा लागे. ‘आलं का?’ असा माझा पुकार खाली जाई, ‘आलं, आलं!’ असा जबाब वर येई. आणि मी हात काढताच ‘अहो, गेलं!’ असा आक्रोश उठे. पुष्कळदा असे घडे, की माझा हात दांडीला लागलेला असेतोवरच चित्र स्वच्छ दिसे, आणि सबंध कुटुंबाचा आनंद साक्षात माझ्या देहातून वाहत असल्याच्या कृतार्थतेने मी गाण्यांमागून गाणी तसाच उभा राही. मी छायागीत धडपणे कधी पाहिले नाही. मी ते दाखवले. पुढे केबलवाल्याने गच्च्यांवरून तारा ओढल्या, आणि आमच्या पिढीतील कर्तबगार पुरुष मुकाट्याने जिना उतरून खाली आले.

रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार विदुषीने 1983 साली एका ग्रंथात दाखवून दिले, की घरात यंत्रे येऊ लागली तेव्हा प्रथम सुटका झाली ती पुरुषांची: चुलीच्या जागी शेगडी आली आणि लाकडे फोडणे कमी झाले, स्वयंपाक मात्र बाईकडेच राहिला आणि उलट वाढला. आमच्याकडे गिरणीने प्रथम बायकांची जात्यापासून सुटका केली हे खरे. पण त्या सुटकेतून दळणाचा डबा सायकलवरून नेण्याचे एक नवे वतन आम्हां पुरुषांना मिळाले, ते पिशवीबंद पिठाने अलीकडेच परत घेतले.

सरकारने 2019 साली देशातील माणसे दिवसाचा वेळ कशी घालवतात याची पाहणी केली. तीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी 299 मिनिटे भरली आणि पुरुषांची 97. दीड तासाहून अधिक हा आकडा वाचून माझी छाती क्षणभर फुगली. मग ध्यानात आले, की ही सरासरी घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांपुरतीच होती, आणि असे पुरुष चारांत जेमतेम एक निघाले होते. माझी वतने आठवड्या-महिन्याने येणारी, प्रेक्षकांनिशी पार पडणारी आणि दिवे लागताच टाळ्या मिळवणारी होती. दिवे लागल्यावर जी अर्धवट मळलेल्या कणकेकडे परत जाई, तिचे काम दिवसातून दोनदा येई, आणि ‘आलं का?’ असे तिला कुठल्याही गच्चीवरून कुणी विचारत नसे. यंत्रांनी माझे कष्ट नेले म्हणून मी हळहळतो असे पुष्कळांस वाटते. कष्ट जाईनात का. यंत्रांनी माझे प्रेक्षक नेले, हा राग आहे.

निवृत्तीनंतर रात्रीची भांडी घासण्याच्या जागेवर मी हंगामी तत्त्वावर रुजू झालो. पहिल्या रात्री शेवटचे पातेले पालथे घालून मी काही वेळ तसाच, सहज दिसेन अशा बेताने, उभा राहिलो. ‘अहो, ओटा पुसायचा राहिलाय,’ एवढाच अभिप्राय आला. तरीही त्या जागेचा मला लळा लागला, आणि म्हणूनच परगावच्या कन्येने भांडी धुण्याचे यंत्र धाडण्याचा प्रस्ताव फोनवर मांडला, तेव्हा मी कढईचा व्यास, पाण्याचा क्षार आणि विजेचा भार असे तीन मुद्दे उपस्थित करून तो दफ्तरी दाखल करण्याची जोरदार शिफारस केली.

‘मागव गं तू,’ सौभाग्यवती फोनवर म्हणाल्या. ‘आत भांडी रचायला बाबा आहेत ना तुझे.’

ही नेमणूक कायम स्वरूपाची समजावी काय, अशी मी पृच्छा केली.

‘आधी महिनाभर उमेदवारी करा,’ त्या म्हणाल्या. ‘आणि खरकटं काढून रचायची.’