डबाशास्त्राची मूलतत्त्वे: बोईसर ते मोखाडा

शालेय डबा म्हणजे घरातील एका व्यक्तीने, बहुधा आईने, पहाटे सिद्ध केलेला आणि दुसऱ्या व्यक्तीने, म्हणजे तिच्या अपत्याने, दुपारी अर्धवट सोडलेला अन्नसाठा, अशी या वस्तूची ढोबळ व्याख्या करता येते. पोषण, प्रतिष्ठा आणि पालकांमधील चढाओढ हे तीन घटक या व्याख्येत गृहीत धरलेले असून, त्यांपैकी पहिल्याविषयी सर्वांत जास्त बोलले जाते आणि तो सर्वांत कमी खाल्ला जातो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा या विषयाच्या अभ्यासकाला विशेष सोयीचा आहे, कारण बोईसर स्थानकाजवळच्या सोसायट्यांपासून मोखाड्याच्या पाड्यांपर्यंत प्रवास केला, की डब्याच्या सर्व अवस्था, अगदी डबाच नसण्याची अवस्थादेखील, एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या अधिकारक्षेत्रात पाहायला मिळतात.

तारापूर-बोईसर पट्ट्यातील स्वयंपाकघर मुलाच्या भुकेनुसार चालत नाही, ते शिफ्टनुसार चालते. देशातील पहिले अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये तारापूरला सुरू झाले, औद्योगिक वसाहत वाढली, आणि एप्रिल २०१३ पासून उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत येऊ लागल्यावर मुंबईची नोकरीही येथील पहाटेत सामील झाली. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, मुलांची झोप पूर्ण व्हावी, असा आदेश राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला खरा. परंतु वडिलांची कंपनी बस किंवा आईची लोकल या आदेशाच्या कक्षेत येत नसल्यामुळे, भाजी पूर्वीइतक्याच अंधारात चिरली जाते आणि पोळी पूर्वीपेक्षा दोन तास अधिक डब्यात राहून घाम गाळते. डबेही दोन लागतात. लहान सुट्टीच्या डब्यात फळ किंवा सुकामेवा असतो, तर मोठ्या सुट्टीच्या डब्यात पोळी-भाजी आणि तिच्या सोबतीला शाळेने आठवड्याच्या वेळापत्रकातून सुचवलेले पदार्थ असतात. हे वेळापत्रक वाचणारा मनुष्य सोमवारी मोड आलेली कडधान्ये आणि गुरुवारी भाज्यांचा पराठा खाणारी एक आदर्श पिढी डोळ्यांसमोर आणू शकतो. त्याने ती वर्गात शोधण्याचा प्रयत्न मात्र करू नये.

गेल्या काही वर्षांत या डब्याला कलेचा दर्जा प्राप्त झाला असून तिची प्रेरणा जपानमधून आली आहे. जपानी बेंतो म्हणजे कप्पे असलेल्या पेटीत बसवलेले एका माणसाचे जेवण, आणि क्याराबेन म्हणजे त्याच जेवणातील भाताला, अंड्याला व भाज्यांना कार्टूनमधील पात्रांचे चेहरे देण्याची पद्धत. बोईसरमध्ये ही कला इडलीला काळ्या मिऱ्यांचे डोळे लावून आणि गाजराच्या चांदण्या कापून साधली जाते. चांदण्या कापल्यावर उरणारे गाजर कोण खाते, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घरातील वडिलांना ठाऊक असते. तयार डब्याचे छायाचित्र वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सात वाजण्यापूर्वी पोहोचते, त्यावर टाळ्यांची चिन्हे उमटतात, आणि पोषणाचा बराचसा भाग येथेच शोषला जातो.

या सौंदर्यदृष्टीचा फटका स्थानिक फळाला बसला आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्या विशिष्ट भूभागामुळेच त्याला विशिष्ट गुण येतात हे कायद्याने मान्य झाले. पण कापल्यावर तो मऊ पडतो, रंगाने तपकिरी असतो आणि छायाचित्रात बटाट्यासारखा दिसतो. म्हणून तो ट्रकमध्ये बसून दूरच्या बाजारपेठांना जातो आणि त्याच्या जागी समुद्रापलीकडून आलेले किवी डब्यात हिरवेगार चमकते. कायद्याने दिलेले मानांकन आणि गटाने दिलेल्या टाळ्या यांत कोण श्रेष्ठ, हा वाद येथील आयांनी केव्हाच निकालात काढला आहे.

मोठ्या सुट्टीत डब्याचे जे होते त्याचा अभ्यास आहारतज्ज्ञांपेक्षा अर्थतज्ज्ञांनी करायला हवा, कारण घंटा होताच वर्गाचे रूपांतर विनिमयाच्या बाजारात होते, म्हणजे पैशाविना वस्तूच्या बदल्यात वस्तू देण्याची प्राचीन व्यवस्था सुरू होते. औद्योगिक वसाहतीमुळे येथे अनेक प्रांतांची कुटुंबे स्थिरावलेली असल्याने एका बाकावर थेपला, दुसऱ्यावर सत्तूचा पराठा, तिसऱ्यावर लिंबूभात असा माल उपलब्ध असतो, आणि गाजराच्या दोन चांदण्यांना पाव चमचा शेव असा दर साधारण स्थिर राहतो. आईने प्रथिनांचा जो हिशेब पहाटे मांडलेला असतो, तो दुपारी शेजारच्या मुलाच्या खात्यावर जमा होतो. रिकामा डबा घरी आल्याचा आनंद मात्र खरा असतो.

या बाजारात एका मालाला प्रवेश नाही. सातपाटीचा पापलेट प्रसिद्ध आहे, आणि या किनाऱ्यावर उन्हात वाळवलेला जवळा व बोंबील यांत प्रथिने आणि कॅल्शियम भरपूर असल्याचे पोषणशास्त्रही मान्य करते. तरी मांगेला किंवा वाडवळ घरातील मुलाच्या डब्यात जवळ्याची चटणी दिसली, की खिडक्या उघडल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी ‘इतरांचा विचार करावा’ अशी सौम्य सूचना घरी पोहोचते. हीच प्रथिने डबाबंद भुकटीच्या रूपात, कृत्रिम व्हॅनिलाच्या वासासह आणि जवळ्याच्या कित्येक पट किमतीत आणली, तर कोणाच्याही नाकाला काही होत नाही. वासाची प्रतवारी ही शास्त्रापेक्षा शेजाराच्या अधीन असते, एवढाच निष्कर्ष येथे नोंदवता येईल.

शासनही या क्षेत्रात मागे नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनुसार अति स्निग्ध, अति खारट आणि अति गोड पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात, तसेच आवारापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. त्यामुळे ५१ व्या मीटरवरील वडापावाला वैधानिक प्रतिष्ठा प्राप्त झाली असून मुलांना थोडे चालण्याचा व्यायामही घडतो. दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त असू नये, म्हणजे वीस किलोच्या मुलाच्या वाट्याला दोन किलो येतात. त्यांतील एक किलो लिटरभर पाण्यातच जात असल्यामुळे दोन डबे, ते गरम ठेवणारी पिशवी आणि प्रसंगी पुस्तके यांनी उरलेल्या किलोत सामंजस्याने राहावे, अशी अपेक्षा आहे. हवेला मात्र असा विनियम लागू नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात, म्हणजे हवा, पाणी आणि जमीन यांच्या दूषिततेचे एकत्र गुणांकन करणाऱ्या यादीत, तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात पहिले आले होते. मैद्याऐवजी नाचणीचा केक देणाऱ्या आईने त्या यशाचे काय करावे, हे कोणत्याही आहारतक्त्यात लिहिलेले नाही.

आता ज्या जपानकडे पाहून ही कला फुलली, त्या देशाविषयी एक गैरसोयीची माहिती देणे भाग आहे. तेथे शालेय भोजनाचा कायदा १९५४ मध्ये झाला आणि आज जवळपास सर्व सरकारी प्राथमिक शाळांत मुले घरचा डबा नेतच नाहीत. सर्वांना एकच जेवण मिळते, मुले पांढरे डगले घालून ते एकमेकांना वाढतात, आणि चेहऱ्यांचे डबे बालवाडीपुरते व सहलीपुरते उरतात. थोडक्यात, अस्सल जपानी पद्धत ज्यांना पाहायची आहे त्यांनी इडलीचे डोळे बाजूला ठेवून मोखाडा किंवा जव्हार तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत जावे. तेथे पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने असे शासकीय प्रमाण ठरलेले आहे, मुले ओळीने बसतात आणि एकाच पातेल्यातले खातात. फरक इतकाच, की जपानमध्ये या व्यवस्थेचा अभिमान बाळगतात, आणि आपल्याकडे तिला ‘खिचडीची शाळा’ म्हणून मुलाचे नाव बोईसरला घालतात. पातेल्याखाली चूल पेटवणाऱ्या बाईंचे मानधन २०२३ मध्ये दीड हजारावरून महिना अडीच हजार रुपये झाले. शेकडो चांदण्या कापणाऱ्या आईप्रमाणे त्यांनाही टाळ्यांची चिन्हे मिळावीत, यासाठी त्यांना गटात घ्यायला हवे होते.

याच भूमीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, १९५७ मध्ये ते कोसबादच्या टेकडीवर नेले, शाळा पाड्यावरच्या अंगणात भरवली, आणि गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा, म्हणजे चराईच्या रानातच भरणारा वर्ग, काढली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे त्यांचे साधे तत्त्व होते. आता त्याच मुलांच्या आहारात अंड्याने यावे की नाही, यावर मंत्रालयात विचार झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे, आणि न खाणाऱ्यांना केळे, असे ठरले. जानेवारी २०२५ मध्ये अंडी व साखर यांसाठीचा वेगळा निधी थांबला, आणि अंडा पुलाव, खीर व नाचणी सत्त्व हे पदार्थ लोकसहभागातून द्यावेत, असे सुचवण्यात आले. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारावर पिकणारी नाचणी बोईसरच्या दुकानात कुकीज होऊन विकली जाते, आणि पिकवणाऱ्याच्या मुलाला तिचे सत्त्व वर्गणी जमल्यास मिळते, ही व्यवस्था बाजाराच्या नियमांशी पूर्णपणे सुसंगत आहे.

लोकसहभाग जमवण्याचे काम शाळा व्यवस्थापन समितीकडे असते, आणि शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. म्हणजे ज्यांच्या मुलांना अंडे हवे आहे त्यांनीच ते लोकांकडून मिळवायचे आहे. दिवाळीनंतर या तालुक्यांतील अनेक पालक मजुरीसाठी भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेले असतात. अशा वेळी समितीची बैठक कोणत्या भट्टीवर बोलवावी, आणि गणसंख्या मोजताना विटा थापणाऱ्यांना हजर धरावे की गैरहजर, याविषयी मार्गदर्शक सूचनांची प्रतीक्षा आहे.