कृपया बाकावर बसू नये

आमच्या तालुक्याच्या जुन्या स्टँडाचं जतन झालं. म्हणजे स्टँड पाडला आणि त्यातला कडप्प्याचा एक बाक ठेवला. नव्या काचेच्या इमारतीत तो चौथऱ्यावर चढवलाय. भोवती पितळी खांब, लाल गोफ, वरून दिव्याचा झोत आणि पाटी : ‘ऐतिहासिक वारसा. कृपया बसू नये.’

पाटी आम्ही उभ्यानंच वाचली. बसायला जागा नव्हती.

बाक कुणा कैलासवासींच्या स्मरणार्थ दिलेला. उन्हाळ्यात गार, पावसाळ्यात गार, थंडीत तर विचारूच नका. पण सलग! ‘जरा सरकता का?’ म्हटलं की चौघांत पाचवा मावायचा. शेवटची गाडी चुकलेला माणूस पिशवी उशाला घेऊन आडवा व्हायचा. नव्या स्टीलच्या खुर्च्यांत सरकायची सोयच नाही. माणशी एक खाच, मध्ये हातकडीसारखा दांडा. तो हाताला टेकू म्हणून नाही, कुणी झोपू नये म्हणून आहे! पहाटेच्या गाडीसाठी रात्रीच येऊन थांबलेल्या म्हातारीनं कोणता गुन्हा केलाय? मुक्कामाची गाडी बंद करणार तुम्ही, आणि रात्रभर ताठ बसायचं तिनं? नकाशात कॉफीच्या दुकानाला जागा आहे, फिरत्या जाहिरातीला आहे, बाकालासुद्धा आहे. म्हातारीला नाही.

स्टँड का पाडला अशी तक्रार केली तर साहेब कायदा दाखवतात. 1958च्या केंद्रीय कायद्यानुसार प्राचीन स्मारक ठरायला वय किमान शंभर लागतं. आमचा स्टँड साठीतच पाडला, आता शंभरी गाठणार कशी? इंग्लंडात प्रेस्टनचा स्टँड निव्वळ काँक्रीटचा, 1969चा. तोही पाडायला निघाले होते. 2013 साली तो संरक्षित यादीत गेला; अजून तिथून गाड्या सुटतात. आणि माणसं बसतातही.

आमचा म्हणे ‘धोकादायक’ होता. होणारच. छपराची पन्हळ पाल्यानं तुंबली, पाणी काँक्रीटमध्ये मुरलं, आतली सळई गंजून फुगली आणि खपल्या प्रवाशांच्या डोक्यावर पडू लागल्या. पन्हळ साफ करायला खराटा लागतो. खराट्याचं उद्घाटन होत नाही, कोनशिलेवर नावही लागत नाही. इमारतीचं लागतं.

नव्या इमारतीच्या पन्हळीत पहिल्याच पावसात पिंपळ रुजलाय. तेव्हा साहेब, गोफ सोडा, बाक पुसा, पिंपळ उपटा. तिन्हींना निविदा लागत नाही.