कमी दाबाची करामत

प्रवरेकाठच्या कोल्हारात विजेविषयी कुणाला विचारा, ‘व्होल्टेजच नाही’ हे गाऱ्हाणं ठरलेलं. व्होल्टेज पडलं की विहिरीवरची मोटार नुसती घुरघुरते, जास्त करंट ओढते, तापते आणि जळते. मग ती भरायला टाकायची. वाइंडिंगवाला जळकी तार उपटून बाजूला टाकतो, आणि पोरांची विद्युतचुंबकाची प्रयोगशाळा तिथून सुरू होते.

तार मोळ्याला गुंडाळली, सेल जोडला, तरी टाचणीसुद्धा उचलत नाही. तारेवरचं वार्निश जळालेलं. वेढे एकमेकांना टेकतात आणि करंट जवळची वाट धरतो. यात नामुष्की काही नाही. १८३१ साली लोखंडी कड्यावर तार गुंडाळताना मायकेल फॅरेडेलाही वेढ्यांमध्ये सुतळी आणि कापड घालावं लागलं होतं.

नवी तार मिळाली की आळस आडवा येतो. १ अँपिअर आणि १०० वेढे, किंवा १०० अँपिअर आणि एकच वेढा. चुंबकाला दोन्ही सारखेच. हे कळलेलं पोरगं वेढे घालत बसेल कशाला? ते थेट ट्रॅक्टरच्या बॅटरीकडे बघतं. शंभर वेढ्यांचं काम एका वेढ्यात होईलही, पण करंट दुप्पट झाला की त्याच तारेत उष्णता चौपट होते, हे गणित तारेचा धूर शिकवतो.

घरचे म्हणतात, बारा व्होल्टला काय घाबरायचं? कोरड्या हाताला खरंच काही होत नाही; कातडीचा रोध हजारो ओहम असतो. पण दोन्ही टर्मिनलवर पाना आडवा पडला की शेकडो अँपिअर धावतात आणि पाना जागीच वेल्ड होतो. मध्ये बोटातली अंगठी सापडली तर सोनं आणि बोट, दोन्ही भाजतं.

वेढ्यांच्या चुंबकाची हीच विद्या साखर कारखान्यातही राबते. उसाच्या पट्ट्यावर मोठा विद्युतचुंबक टांगलेला असतो; मोळीतून आलेला कोयत्याचा तुकडा तो यंत्रात जाण्याआधीच वर ओढून घेतो. शेजारच्या प्रवरानगरात सहकारी साखर कारखाना १९५० सालापासून आहे, तेव्हा या भागातल्या उसाला चुंबकाची ओळख आपल्याआधी झाली असावी.

पोरांनी मोळा आणि तार मागितली तर द्या, टॉर्चचे सेलही द्या. ट्रॅक्टरची बॅटरी मात्र देऊ नका. आणि ती तुम्हालाच काढायची असेल, तर अंगठी खिशात टाका आणि आधी निगेटिव्हची केबल सोडा.