चि. वर व चि. सौ. कां. वधू यांस, गिटारवाल्याला दिलेल्या यादीसंबंधी



प्रथम अभिनंदन. लग्नाचं नव्हे, ते मांडवात येऊन करूच. हे तुमच्या अभिरुचीचं. तुम्ही डीजेला नकार दिलात. छाती हादरवणारे काळे खोके, धुराचं यंत्र, "वरपक्षाचा आवाज कुठाय?" म्हणून किंचाळणारा निवेदक, हे सगळं नको म्हणालात आणि त्याऐवजी एक गिटार, एक कॅहॉन आणि दोन गळे सांगितलेत. मंद दिवे, मंद सूर, निवडक प्रेमगीतं. सगळं कसं 'अकूस्टिक'. (त्या गिटारच्या बुडाशी एक वायर असते आणि ती त्याच काळ्या खोक्यांत जाते, तिकडे आम्ही कानाडोळा करतो.) इथवर तक्रार नाही. तक्रार आहे ती यादीबद्दल. वरमालेला 'चन्ना मेरेया', वधूच्या आगमनाला 'रांझा', जेवणं चालू असताना 'लग जा गले', वडीलधाऱ्यांसाठी 'तोच चंद्रमा नभात' आणि केक कापताना ऑफिसच्या मंडळींसाठी एखादं इंग्रजी. हल्ली कुठल्याही लॉनवर जा, थोड्याफार फरकाने हेच कानावर पडतं, तेव्हा पत्र तुमच्या नावे असलं तरी शेजारच्या लॉनवरच्या जोडप्याने वाचायला हरकत नाही. प्रेमगीतं म्हणून तुम्ही जी निवडलीत, त्यांतली बहुतेक गाणी प्रेम न मिळाल्याची, तुटल्याची नाहीतर विझल्याची आहेत. चाल संथ आणि आवाज ओलसर, एवढ्यावर तुम्ही त्यांना मांडवात घेतलंत.

'चन्ना मेरेया'पासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यांत जास्त बोचतं ते हेच. 2016 च्या 'ऐ दिल है मुश्किल'मध्ये हे गाणं लग्नघरातच आहे, हे कबूल. पण गाणारा नवरदेव नाही. ज्या मुलीवर त्याचा जीव आहे ती दुसऱ्याशी लग्न करते आहे, आणि हा तिच्याच समारंभात उभा राहून तिचा निरोप घेतो. प्रीतमची चाल, अमिताभ भट्टाचार्यचे शब्द, अरिजित सिंगचा गळा. निरोप इतका गोड झाला की तो निरोप आहे याचाच लोकांना विसर पडला. आता तुमचं दृश्य डोळ्यांपुढे आणा. हार हातात घेऊन तुम्ही समोरासमोर उभे आहात, करवली मागून पदर सावरते आहे, आणि कोपऱ्यातल्या उंच स्टुलावर बसलेला एक दाढीवाला तरुण डोळे मिटून, तोंड वधूकडे करून, आपण आता निघालो असं आळवतो आहे. नवऱ्या मुलाच्या आत्याने जर विचारलं, "हा कोण गं? आणि याला कशाचं एवढं वाईट वाटतंय?" तर काय सांगणार आहात? चित्रपटाच्या हिशेबाने त्याचं खरं उत्तर फार अडचणीचं आहे.

वडीलधाऱ्यांसाठी म्हणून जे मराठी घातलंत त्याची गत याहून वाईट. 'तोच चंद्रमा नभात'मध्ये चंद्र आहे, चैत्रातली रात्र आहे, शांता शेळके आहेत, सुधीर फडके आहेत. यादी करणाऱ्याला आणखी काय हवं? पण पहिल्या दोन ओळींच्या पुढे जाऊन ऐका. चंद्र तोच, रात्र तीच, माणसंही तीच, फक्त त्या दोघांमध्ये पूर्वी जे होतं ते आता उरलेलं नाही, असं ते गाणं आहे. त्याचं बीज शीलाभट्टारिकेच्या संस्कृत श्लोकातलं. ज्याच्यावर जीव जडला तोच नवरा मिळाला, तरी मन मागच्याच दिवसांकडे धावतं, असं सांगणारी त्यातली नायिका विवाहिता आहे. म्हणजे हे लग्नाच्या पंचविसाव्या वर्षाचं गाणं. फार मोठं गाणं आहे आणि पंचविसाव्या वर्षी ते अंगावर काटा आणतं. तुमच्या लग्नाला मात्र त्या वेळी जेमतेम अडीच तास झालेले असणार. मुंडावळ्यांचा दोरा अजून कपाळावर उमटलेला असणार. राजा-राणी दिसले म्हणून 'भातुकलीच्या खेळामधली' घेणारेही आहेत. ती तर डाव अर्ध्यावर मोडल्याची गोष्ट. पाडगावकर आणि अरुण दाते हवेच होते तर खळ्यांच्या चालीतला 'शुक्रतारा' जवळच उभा होता. दोन माणसं, तीही एकमेकांसाठी गाणारी, आणि कुणी कुणाला सोडून जात नाही. तो नेमका तुमच्या यादीत नाही.

यावर तुमचा पहिला मुद्दा ठाऊक आहे: लग्नात शब्द कोण ऐकतं? वरातीत बँडवाले वाटेल ते वाजवत आले, तेव्हा कुणी अर्थ काढत बसलं नाही. अगदी खरं. 1954 च्या 'नागिन'मधली पुंगीची धून सत्तर वर्षं आपल्या वराती नाचवते आहे. रुमालाचं टोक दातांत धरून नवरदेवाचे काका रस्त्यावर लोळण घेतात, आणि लग्नात साप कुठून आला असं कुणी विचारत नाही. विचारू नये, कारण क्लॅरिनेटला शब्द नसतात. डीजेच्या दणक्यात शब्द असून नसल्यासारखे. तुम्ही मात्र हौसेने तीच व्यवस्था मोडीत काढलीत. ढोल काढला, ब्रास काढला, पार्श्वसंगीताचा सगळा डोलारा उतरवला आणि सहा तारांवर फक्त शब्द ठेवले. आता प्रत्येक अक्षर शेवटच्या रांगेतल्या आजोबांच्या श्रवणयंत्रापर्यंत स्वच्छ पोचतं. शब्द ऐकू यावेत म्हणून इतका खटाटोप करायचा आणि निवड करताना मात्र शब्दांकडे ढुंकून बघायचं नाही, याला काय म्हणावं? बँडवाल्याला जी माफी मिळते ती गिटारवाल्याला मिळणार नाही; ती त्याने स्वतःच्या वाद्याने गमावली आहे.

ही फॅशन आली कुठून तेही बघा. अमेरिकेत एमटीव्हीने 1989 साली 'अनप्लग्ड' सुरू केलं. त्यातल्या 1992 च्या एरिक क्लॅप्टनच्या मैफलीने ती जगभर पसरवली. त्या मैफलीतलं सगळ्यांत गाजलेलं 'टिअर्स इन हेवन' हे त्याचा चार वर्षांचा मुलगा उंच इमारतीवरून पडून गेला त्याचं गाणं आहे. 'निर्वाणा'च्या 1993 च्या मैफलीत कर्ट कोबेनने रंगमंचावर लिली आणि मेणबत्त्या मुद्दाम मागवल्या होत्या, कारण त्याला अंत्यविधीसारखी सजावट हवी होती. तुमच्या डेकोरेटरच्या अल्बममध्ये तीच लिली आणि त्याच मेणबत्त्या 'रोमँटिक' या सदरात आहेत. केकच्या वेळच्या इंग्रजी गाण्यांवर जास्त शाई घालवत नाही. 'एव्हरी ब्रेथ यू टेक' हे पाळत ठेवणाऱ्या मत्सरी माणसाचं गाणं आहे असं खुद्द स्टिंग सांगत आला आहे, आणि 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' डॉली पार्टनने एका सहकाऱ्याचा कार्यक्रम सोडताना लिहिलं. म्हणजे एक पोलिसात द्यायच्या लायकीचं, दुसरं राजीनाम्याचं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, त्याला उत्तर द्यायला हवं. विरह आपल्या लग्नात पहिल्यापासून आहे, मग आमच्याच विरहावर डोळा का? आहे ना. 'अष्टविनायक'मधलं वसंतराव देशपांड्यांचं 'दाटून कंठ येतो' लागलं की अजून चांगले चांगले बाप खांबाआड जातात. गोव्यात समारंभ संपताना निरोपाचा मांडो म्हणतात. पण ते दुःख कुणाचं आणि केव्हाचं, हे पक्कं ठरलेलं आहे. माहेर सुटतं त्याचं ते दुःख, निघण्याच्या वेळी, निरोप देणाऱ्यांच्या तोंडी. नवरा-नवरी एकमेकांना निरोप देत नाहीत. 'लग जा गले' तर पुन्हा भेट होईल न होईल या धास्तीवरच उभं आहे. सकाळी नोंदणी पुस्तकात सह्या केलेल्या दोन माणसांना ही धास्ती कशाची? मग म्हणाल, चित्रपटातला प्रसंग गाण्याच्या गळ्यात कायमचा का बांधायचा? बरोबर, बांधू नये. 'जोगवा'मधलं 'जीव रंगला' घ्या. ज्यांना लग्नाची मुभाच नाही अशा जोगता-जोगतिणीचा तो चित्रपट, पण गाणं मीलनाचं आहे, शब्द स्वतःच्या पायावर उभे आहेत. खुशाल गा. 'रांझा'चं तसं नाही. 'शेरशाह'मधल्या ताटातुटीचं ते गाणं. 2023 साली त्या चित्रपटाच्या जोडीने आपल्या खऱ्या लग्नात ते वाजवलं आणि तेव्हापासून घरोघरच्या वधू त्यावर चालत येतात. पण त्यांनीसुद्धा लग्नासाठी त्याची वेगळी आवृत्ती करून घेतली होती. आणि मूळ कथेतल्या हीर-रांझ्याचं काय झालं म्हणता? प्रचलित कथेत लग्नाच्याच दिवशी घरचेच हीरला लाडवातून विष घालतात. तुमच्या रुखवतात लाडू आहेतच.

इथे चेष्टा थांबवून एक गोष्ट सरळ बोलतो. 'सैराट झालं जी'ची गिटारवरची आवृत्तीही हल्ली चालते. अजय-अतुल यांनी 'सैराट'च्या संगीतासाठी लॉस एंजेलिसमध्ये सबंध सिंफनी वाद्यवृंद बसवला होता. त्याची तुम्ही दोन कॉर्डमध्ये पेज केलीत, तेही सोसू. गाणं आनंदाचं आहे, तुमच्याच न्यायाने ते चालायला हवं. पण ते कुठल्या मांडवात वाजतं? उपवर मेळाव्याच्या अर्जात पोटजातीचा रकाना भरून, गोत्र जुळवून, देवक तपासून जमलेल्या लग्नात. त्या चित्रपटातल्या आर्ची-परश्याला कुणी आणि कशासाठी मारलं हे समोरच्या खुर्च्यांवर बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यांतल्या कित्येकांनी आपल्या घरात असं प्रकरण निघालं तर काय करू हे चहा पिताना बोलूनही दाखवलेलं असतं. आणि तेच मोबाइल वर धरून, दिवे हलवत, डोलत असतात. लाज वाटायला हवी. ती दोन पोरं तुमच्या एंट्रीसाठी मेली नाहीत.

असो. खरं तर रागाचा पत्ता चुकतोय, हेही कळतं. मुहूर्त गुरुजींनी काढला, हॉल बाबांनी ठरवला, मेनू मामांनी, साड्या मावशीने, फोटो कसे काढायचे ते फोटोग्राफरने. तीन तास अनोळखी माणसांशी हात मिळवत उभं राहायचं, हसून गाल दुखेपर्यंत. या सगळ्या खटल्यात तुमच्या हाती उरली ती पाच-सहा गाणी, आणि ती निवडायला तुम्हाला कुणी शिकवलं? रील्सनी. एरवी मराठीत लग्नाच्या गाण्याला दुष्काळ नव्हता. तेराव्या शतकात महदंबेने धवळे रचले ते लग्नासाठीच. आगरी-कोळ्यांत धवलारीण आजही गाण्यांनी लग्न लावते. घाण्याच्या, हळदीच्या ओव्यांत नवरीचं नाव असायचं, तिच्या भावाचं असायचं, दाराशी उभ्या असलेल्या विहिणीला टोमणाही असायचा. ती गाणी म्हणणाऱ्या बायका म्हाताऱ्या झाल्या आणि पुढच्या पिढीने त्यांच्या जागी कॅसेट लावली. तुम्हाला वारशात गाणं मिळालंच नाही, प्लेलिस्ट मिळाली.

तरी एक अवशेष अजून शिल्लक आहे आणि तुम्ही त्याला हसता: काकूंची मंगलाष्टकं. शार्दूलविक्रीडिताच्या गणांत पणजोबांपासून धाकट्या भाच्यापर्यंत सगळी नावं कोंबलेली, यती मोडलेली, एका कडव्यात तुमची इंजिनियरिंगची पदवीसुद्धा. पण वायर नाही, वाद्य नाही, एकटा थरथरता गळा, आणि लग्न कोणाचं आहे हे त्या गळ्याला पुरतं ठाऊक. सबंध समारंभात खरोखर तुमच्या दोघांसाठी लिहिलेलं गाणं ते एकच असतं, आणि नेमक्या त्याच वेळी तुमचे मित्र अक्षता एकमेकांच्या डोक्यात मारत असतात.

तेव्हा मुहूर्ताला अवकाश असेल तर एवढं करा. गाणं डोळ्यांपुढे शब्द घेऊन एकदा शेवटपर्यंत वाचा. त्यात कुणी निघून जात असेल, मरत असेल किंवा पाळत ठेवत असेल तर खाली ठेवा. 'अभी ना जाओ छोड़ कर' बिनधोक घ्या. तिथे एक निघतो म्हणतो आणि दुसरा निघू देत नाही, संसाराला याहून बरी तालीम नाही. कायद्याची भीती नको: लग्नसोहळ्यातल्या गाण्यांना कॉपीराइट कायद्याच्या 52व्या कलमात सूट आहे, असा खुलासा केंद्र सरकारने जुलै 2023 मध्ये केला आहे. गाणं लग्नाला साजेसं असावं अशी अट त्यात नाही, ती घरच्यांनीच घालायची. आणि यादी जमत नसेल तर त्या दाढीवाल्यालाच करू द्या. त्याला शब्द पाठ असतात, अर्थही कळलेला असतो. तुमच्या आग्रहाखातर तो बिचारा दर मुहूर्ताला कुणा ना कुणाच्या बायकोला निरोप देत फिरतो. त्याच्या जेवणाचं कूपन तेवढं आधी देऊन ठेवा, बुफे आवरायला घेतल्यावर नको.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
आहेर न आणणारा एक निमंत्रित